घरच्या सगळ्यांचा फोटो

पार्से, २८ जून

दादा,

नमस्कार वगैरे तुझा तू समजून घे. तू माझा नंबर ब्लॉक केलास तेव्हापासून तुला काही सांगायचं म्हणजे पोस्टात जावं लागतं. तिथल्या बाईंनी विचारलं, सर्वण म्हणजे आपलं डिचोलीजवळचंच का? हो म्हटलं. एवढ्याशा अंतरासाठी पत्र कशाला, हे त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. बरं झालं. मला त्याचं उत्तर द्यायचा आता कंटाळा येतो.

मी भांडण मिटवायला लिहीत नाही, घाबरू नकोस. भांडण तुझं आणि बाबांचं. तू लग्न करून रेश्मावहिनीच्या घरी राहायला गेलास, बाबा तुला घरजावई म्हणाले, वर फोनवर म्हणाले, "ज्या घराचो जावय जालंय, थंयच रव." आणि तू दोन वर्षं खरंच तिथेच राहिलास. दोघेही एकाच पायलीने मोजलेले. त्यात माझा फोन का कापलास ते मला अजून कळलेलं नाही, पण ते जाऊ दे.

काम वेगळं आहे. मला कॅमेरा घ्यायचाय. तिसऱ्या वर्षाला फोटोग्राफीचा पेपर आहे आणि सरांनी डीएसएलआर सक्तीचा केलाय. मोबाईलचे फोटो घेऊन आलात तर परत पाठवीन म्हणाले. कॉलेजचे कॅमेरे दोन, त्यातल्या एकाचं झाकण रबर लावून बंद करतात. एका विषयावर वीस फोटो द्यायचेत आणि मी माटोळी घेतलीय. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण जी रानातली फळं-पानं टांगतो, ती डोंगरातून कोण आणतं, बाजारात कशी येतात, कोण काय बघून घेतं, हे सगळं. विषय सांगितला तेव्हा सर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलले.

उन्हाळाभर पेडण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले, त्याचे पंचवीस हजार जमलेत, त्यांच्या आत बसवायचंय. त्यात नवा येत नाही. हप्त्यांवर घ्यायचा म्हटलं तर मिळेल तो सगळ्यात खालचा, हातात घेतला की खेळण्यातला वाटतो. म्हापशाला निहार म्हणून एक लग्नाचे फोटो काढणारा आहे. तो मिररलेस घेतोय, म्हणून त्याचा जुना डीएसएलआर विकतोय. दोन लेन्स, एक किटची आणि एक पन्नासची. शटर छत्तीस हजार वेळा पडलंय, हे त्याने स्वतःच काढून दाखवलं. मी लेन्समधून टॉर्च मारून बघितला, कारण यूट्यूबवरचा प्रत्येक माणूस तेच सांगतो. पन्नासच्या लेन्समध्ये एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आहे. धूळ की बुरशी? आपल्याकडच्या हवेत चपलांना बुरशी येते, लेन्स कुठली सुटणार.

तू कॉलेजात असताना संध्याकाळी स्टुडिओत काम करायचास, म्हणून तुला विचारते. घरात दुसरं कोणाला विचारू? एका ओळीचं उत्तर चालेल. "घे" किंवा "नको."

तनया


पार्से, १३ जुलै

दादा,

उत्तर आलं नाही. घेतला. जुनाच घेतला, निहारचा. धूळ होती. बुरशी निघाली तर तुझ्या नावाने रडेन.

आता पुढचं ऐक. कॅमेरा घरी आणला त्या दिवशी आईने हळद-कुंकू लावायला बॅग मागितली. मी दिली. आपल्याकडे मिक्सर आला तरी त्याला कुंकू लागतं, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन देवळात चल म्हणाली. गेले. नारळ ठेवला, आणि मी समईच्या वातीकडे बघत असताना ती देवाला मोठ्याने म्हणाली, "ह्या कॅमेऱ्यान पयलो फोटो घरच्या सगळ्यांचो काडटलों, चवथीपर्यंत, सगळीं एकठांय रावून. तेच्या आदीं कोणाचोच ना."

झाली आंगवण. देवाला बोललेला नवस. मला विचारलं नाही, माझं प्रोजेक्ट कधी द्यायचंय ते विचारलं नाही. घरी येताना मी म्हटलं, आई, घरच्या सगळ्यांचा म्हणजे कोणकोणाचा? ती म्हणाली, "तुका म्हायत ना?"

मला सगळं माहीत आहे. तिने गळाला माझा कॅमेरा लावलाय आणि मासा तू आहेस. दोन वर्षांत तिने तुझं नाव घेऊन बाबांशी एकदाही भांडण केलं नाही, कुणासमोर डोळ्याला पदर लावला नाही, आणि आता असा डाव टाकला की कोणी काही बोलूच शकत नाही. मला तिचा राग आला आणि तिच्या डोक्याचं कौतुकही वाटलं. राग जास्त आला.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. निहारच्या दुकानात बघताना मी दोन फोटो काढले होते. एक रस्त्यावरच्या स्कूटरचा आणि एक निहारच्या काउंटरवरच्या चहाच्या पेल्याचा. ते मी पुसून टाकलेत. आईला सांगितलं तर ती मला परत देवळात नेईल आणि कॅमेरा धुवायला काढेल.

कॅमेरा तांदळाच्या डब्यात आहे. म्हणजे मी एक महागडी वस्तू तांदळात पुरून ठेवलीय आणि चवथीची वाट बघतेय. चवथ ऑगस्टच्या शेवटी. माटोळीचा बाजार चवथीच्या आदल्या दिवसांत भरतो, आणि मला नेमके त्याचेच फोटो पाहिजेत. म्हणजे तुला चवथीच्या चार दिवस आधी यावं लागेल, मग मी सुटेन. हे मी चेष्टेत लिहिलं होतं, पण परत वाचलं तर चेष्टा वाटत नाही.

तनया


पार्से, ४ ऑगस्ट

दादा,

रेश्मावहिनीचा मेसेज आला. एवढाच होता, "पत्रं पोचतात. दोनदा वाचतात." तू वाचतोस, तेही दोनदा. आणि हात उचलून एक ओळ लिहवत नाही. वहिनीला माझा नमस्कार सांग. तुला नाही.

घरात या कॅमेऱ्यावरून वाद झाला. बाबा संध्याकाळी तुयेहून ड्यूटी संपवून आले, चहा घेतला आणि सरळ म्हणाले, "जुन्या कॅमेऱ्याचो पयलो फोटो तो खंयचो? तो पयलीच कोणी तरी काडलेलो. आंगवण लागना."

मला वाटलं, सुटले. बाबांच्या डोक्यात माझ्यासाठी वकिली चालली होती, आणि मुद्दा बिनतोड होता. छत्तीस हजार फोटो आधीच निघालेत, पहिला कसला? पण आई विळीवर होती, तिथूनच म्हणाली, "जुन्या घरात नवी सून येता तेन्नां तिची पयली चवथ ती पयलीच न्हय?"

आपल्या जुन्या घरात नवी सून चवथीला आलीच नाही, ती कोणामुळे आली नाही हे तिघांनाही माहीत. बाबांनी कप उचलून मोरीत ठेवला. ते स्वतःहून कप उचलतात तेव्हा समजायचं.

बाबा तुयेच्या कंपनीत गेटवर बसतात हे तुला माहीत आहे, पण आता त्यांचे पाय सुजतात हे नसेल. खाणी बंद पडून त्यांचा ट्रक गेला तेव्हा ते एवढे म्हातारे दिसत नव्हते. परवा त्यांनी शर्टाच्या खिशातून त्या पांढऱ्या छोट्या पुड्या काढल्या, औषधांच्या खोक्यात ओल शोषायला घालतात त्या. "हीं घाल तेच्या डब्यात. तांदळान कितें जावचें ना. कंपनीत खिसे भरून पडलेलीं आसतत." मी विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं? म्हणाले, तिथल्या एका सुपरवायझरला विचारलं. मी मागितलं नव्हतं. आपल्या बाबांनी कुणाला तरी काहीतरी विचारलं, यावर तुझा विश्वास बसतो का?

दादा, चवथीला ये. राहू नकोस. जेवू नकोस. बाबांशी बोलू नकोस. तासभर ये, माटोळीखाली उभा राहा, मी एकदा बटण दाबते, तू जा. वहिनीला आण. बाजाराचे फोटो गेले तर गेले, मी चवथीच्या दिवसाचे काढून भागवीन.

तनया


पार्से, २९ ऑगस्ट

तू आला नाहीस.

आज जास्त लिहीत नाही. चवथीच्या सकाळी तू स्कूटर बाहेर काढलीस, पुसलीस आणि परत आत लावलीस, असं वहिनीने कळवलं. हे तिने मला का कळवलं असेल याचा मी दोन दिवस विचार करतेय. तुझ्या बाजूने सांगितलं की माझ्या, ते तिचं तिला माहीत.

बाजाराला मी गेले होते, कॅमेरा न घेता. बायका डोंगरातून उतरून रस्त्याकडेला बसल्या होत्या, समोर कसली कसली फळं, काहींची नावं आईलाच येतात. एक म्हातारी एका हाताने पैसे मोजत होती आणि दुसऱ्या हाताने सुपारीच्या घोसावर पाणी मारत होती. तो फोटो माझा होता. माझ्या हातात पिशवी होती आणि पिशवीत कांदे.

चवथीला आईने सगळं केलं. पातोळ्या, खतखतं, सगळं. पाच पानं वाढली. बाबांनी बघितलं आणि आपल्या पानावर बसले. दोन पानं तशीच राहिली, संध्याकाळची आरती झाल्यावर आईने ती गाईला घातली. आईने मग नैवेद्याचं केळीचं पान धुऊन ठेवलं, भांडी घासली आणि एकदाही दाराकडे बघितलं नाही. मी बघत होते. दर स्कूटरला.

मला आता तुझ्याबद्दल राग येत नाही, हे मला जास्त वाईट वाटतं. फक्त दमले. तुमच्या तिघांच्या मध्ये उभी राहून दमले. तुम्ही कोणीच एकमेकांकडे बघत नाही आणि सगळे माझ्याकडे बघता.

सरांना सांगितलं, घरगुती अडचण आहे. माटोळी गेली म्हणाले, दुसरा विषय घे, सप्टेंबरच्या बावीसपर्यंत वीस फोटो आण, नाहीतर या पेपरात नापास. पेपरात नापास म्हणजे वर्ष गेलं.

तनया


पार्से, १० सप्टेंबर

दादा,

सरांचं ऐकल्यावर आईला पहिल्यांदा धक्का बसला. नापास हा शब्द तिला कळतो. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, देवाकडे कौल लावू, आंगवण सोडवून मागू. बाबाही यायला पाहिजेत, घरच्या कर्त्या माणसाने गाऱ्हाण्याला होकार द्यावा लागतो. बाबांनी रजा घेतली. माझ्या कॅमेऱ्यासाठी बाबांनी एक दिवसाचा पगार सोडला, तो त्यांनी मोजून दाखवला नाही, म्हणून मीच लिहिते.

देवळात बाबली गुरव होता. आता पार म्हातारा झालाय, पण आवाज तोच. त्याने देवाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालायच्या आधी विचारलं, "घरचीं माणसां कितलीं?"

आई म्हणाली, "पांच."

बाबा म्हणाले, "तीन."

बाबलीने दोघांकडे बघितलं. "देवाक एक आंकडो सांगा. तो मोजूंक बसूचो नाय."

आई परत म्हणाली, "पांच." बाबलीने तेच धरून गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या पांच माणसांनी चुकून बोलललां, लेकराच्या शिक्षणाक आड येता, तें सोडय, खुशी आसा तर उजवो दी. त्याने थांबून बाबांकडे बघितलं. आता कर्त्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दादा, एवढे दोन शब्द. बाबा हात जोडून उभे होते, ओठ हलत होते, पण आवाज आला नाही. पाच म्हटल्यावर त्यांना "व्हय" म्हणता येईना. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. शेवटी मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." बाबली म्हणाला, "तुजें चलना गो बाय."

पाकळी डावीकडे पडली. नकार.

बाबली कोणाला दोष देत नाही, त्याचं काम ते नाही. तो फक्त म्हणाला, "सुटूंक ना. परत कधीं तरी येयात." आम्ही घरी आलो. बाबा पुढे, आई मागे, मी मध्ये प्रसादाची पाकळी धरून. मी कॉलेजला जायचं बंद करणार नाही, पण कॅमेरा निहारला परत घेतोस का म्हणून विचारून ठेवलंय. तो घेईल म्हणाला, थोडे कमी देईन.

तुला बोलवत नाही. आता बोलवायचं संपलं.

तनया


पार्से, १५ सप्टेंबर

दादा,

काल काय झालं ते नीट सांगते, म्हणजे तुला आमच्यासारखं अर्धवट कळायला नको.

काल रविवार. जेवणं झाली होती. आई आदोळीवर नारळ खवत होती, मी दारात बसून निहारला दाखवायला कॅमेरा पुसून ठेवला होता. बाबा आतून आले. त्यांनी कॅमेरा उचलला, असा दोन्ही हातांनी, पोटाशी, जसं कोणाचं तान्हं धरतात. मी म्हटलं, बाबा, काय करताय? ते आईकडे तोंड करून उभे राहिले आणि बटण दाबलं.

शटरचा आवाज झाला. आपलं घर लहान आहे, तो आवाज केवढा मोठा झाला.

मग म्हणाले, "मोडली आंगवण. म्यां मोडली. चेडवाक कित्याक शिक्षा? देवाक कितें सांगपाचां जाल्यार म्हजां नांव सांग."

आई हलली नाही. हातात नारळाची वाटी तशीच. मी तिच्याकडे बघत होते, मला वाटलं आता ही रडणार किंवा दोन वर्षांचं सगळं बोलणार. तिने वाटी खाली ठेवली. बाबांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. दादा, आपले बाबा देवाला किती भितात ते तुला मी सांगायला नको. अमावास्येला ते केस कापत नाहीत.

मी फोटो बघायला स्क्रीन लावली. काळी. पूर्ण काळी. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मग बघते तर लेन्सवर झाकण तसंच. त्यांनी डोळ्याला लावलाच नव्हता, लावला असता तर आत काळोख दिसला असता. आणि मी लेन्स मॅन्युअलवर ठेवली होती, म्हणून कॅमेऱ्याने फोकस वगैरे काही विचारलं नाही, गुपचूप काळोखाचा फोटो काढला.

मी हसायला लागले. मला थांबताच येईना. बाबा म्हणाले, "कितें जालां?" मी स्क्रीन त्यांना दाखवली. ते बघत राहिले. माझ्यासाठी केवढा धीर करून देवाचा शब्द मोडला, आणि त्यात झाकण काढायचं राहिलं.

आई हात पुसत उठली. तिने कॅमेरा घेतला, स्क्रीन जवळ धरली, दूर धरली. खूप वेळ बघत होती. मला आत भीती वाटायला लागली. मग ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "हातूंत सगळींच आसत."

बाबा म्हणाले, "कोण सगळीं?"

"काळोखात कोण आसा नि कोण ना, तां कोणाक दिसता? हो गौरेश. हंय." तिने स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "ही तेची बायल. ही तनया. ही मी. आंगवण फेडली."

आणि ती परत आदोळीवर जाऊन बसली. दोन वर्षांनी तुझं नाव घरात पडलं, आणि कोणी उठून गेलं नाही.

बाबा तसेच उभे होते. मग म्हणाले, "मी खंय?"

"तुमी काडललो तो," आई म्हणाली. "तुमी कशे आसतलात?"

"मगे चारच जालीं."

आईने खवायचं थांबवलं नाही. बाबा दारापर्यंत गेले, बाहेर अंगणात बघितलं, परत आले. आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "परत एक काडूंक जाय. म्हाका घेवन. तनया फोटोत जाय, ती काडूंक शकना. काडूंक दुसरो कोण तरी जाय. कॅमेऱ्यातलां कळटा असो." तुझं नाव नाही घेतलं. कपाळ पुसलं आणि आत जाऊन पडले. पण भिंतीपलीकडून थोड्या वेळाने परत आवाज आला, "आयतारीं म्हजी ड्यूटी नसता."

निहारला नको म्हणून कळवलं. आज सकाळपासून मी फोटो काढतेय. विषय घेतलाय गेटवरचा माणूस. बाबांनी कंपनीतून परवानगी काढून दिली, कुणाला तरी विचारून. बावीस तारखेपर्यंत वीस होतील. चांगले नसतील, पण होतील.

तो काळा फोटो मी पेडण्याला छापून घेतला. दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की हाच का? सोबत पाठवतेय. तू उजव्या कोपऱ्यात आहेस, वहिनी तुझ्या बाजूला. वहिनीला दाखव.

कॅमेऱ्याला टायमर असतो, बटण दाबून धावत जाऊन आपणही फोटोत उभं राहता येतं, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. बाबांना मी सांगितलेलं नाही.

तनया